माहेरवाशिणींचं संग्रहालय

कुठल्याही संग्रहालयात शिरलं की आधी 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी दिसते. आमच्या गावच्या संग्रहालयात ती नव्हती. अकोल्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी एकदा त्याबद्दल विचारलं. चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे पाहावं तसं अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन? हात लावल्यानं झिजते का? आन झिजलं तं झिजलं. जात्याचा जल्मच झिजाचा हाये." मग पाहुण्यांचा हात धरून त्यांनी तो जात्याच्या खुंट्यावर ठेवला आणि "फिरवा" म्हणाल्या. पाहुणे बिचारे बाह्या सरसावून जातं ओढायला लागले. जात्यात दाणा नव्हता, तरी त्यांच्या कपाळावर घाम येईपर्यंत बाईंनी त्यांना थांबू दिलं नाही.

मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, वाचनालयात, ग्रंथपाल आहे. आमचं गाव नांदुरा तालुक्यातलं, घाटाखालचं. वाचनालयाच्या वर दोन खोल्या आणि एक लांब ओसरी कित्येक वर्षं रिकामी पडली होती. तिथे पारवे राहायचे. अनसूयाबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी पारव्यांना हुसकून तिथे संग्रहालय थाटलं. पारवे मग खाली माझ्याकडे राहायला आले. त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं, आणि पुढे बाई होत्या तोवर आमचं भांडण कधी मिटलं नाही. मिटावं असं दोघींनाही वाटत नव्हतं. आता वाचनालयात इतकं शांत असतं की मला सोसत नाही. 'शांतता राखा' ही पाटी मात्र मीच लावलेली आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच आहे.

बाई उंच आणि वाळक्या होत्या. पांढऱ्यावर बारीक बुट्ट्यांचं सुती पातळ, उन्हाळा असो की हिवाळा हातात काळी छत्री, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. वर गेल्या की पिशवी खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायच्या आणि मग एकेका वस्तूला हाताची मागची बाजू लावत ओसरीभर फिरायच्या. पोराला ताप आहे का हे आई जसं बघते, तसं. शाळेची मुलं आली की त्यांच्याशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या, "मुलांनो, पेरणीच्या या अवजाराला तिफन म्हणतात." एखादं पोरगं तिफनीकडे पाठ करून मोबाइलवर फोटो काढायला लागलं की पुस्तक मिटायचं. "अबे, तिकडं पाह्य ना! तोंड तं तुहं तू रोजच पाह्यतं!"

त्यांचं माहेर डोणगावचं. म्हणजे घाट चढून, मेहकरच्या पलीकडे. लग्न होऊन त्या आमच्याकडे खाली आल्या त्याला जन्म लोटला, पण आमचं पाणी त्यांनी कधी मान्य केलं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी खारं असतं, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. बाई मात्र प्रत्येक वेळी पहिला घोट घेतला की तोंड वाकडं करायच्या, जणू आजच घाट उतरून आल्यात. "आमच्याकडं पानी असं नाई," म्हणायच्या. मी चिडवायचे, "बाई, आमच्याकडं म्हणजे कुठं? केस पांढरे झाले इथं." त्यावर त्या ग्लास संपवून पालथा घालून ठेवायच्या.

संग्रहालयातल्या वस्तू बाईंनी घरोघर फिरून जमवल्या. पण 'द्या' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. अंगणात बसायच्या, चहा घ्यायच्या, घरातल्या म्हातारीशी गुडघेदुखीवर बोलायच्या आणि उठताना म्हणायच्या, "तुमचं ते घंगाळ आमच्याकडं नांदाले पाठवा." नांदायला! लोक हसायचे आणि द्यायचे. बाईंच्या लेखी ती वस्तू त्या घरची लेक होती आणि संग्रहालय तिचं सासर. हे मी सुरुवातीला बाईंचं बोलणं समजत होते. त्या ते मनापासून पाळतात हे कळलं रहीमभाईंच्या देगेपासून.

रहीमभाई म्हणजे बाजारातले मिरची-धण्याचे व्यापारी. त्यांच्या घरची तांब्याची मोठी देग संग्रहालयात आली होती. एवढी मोठी, की तिच्यात एखादं पोर लपलं तर दिसू नये. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा रहीमभाई येऊन वाचनालयाच्या पायरीवर बसले. पेपर वाचला, जाहिराती वाचल्या, माझी विचारपूस केली. शेवटी म्हणाले, "मॅडम, शादी हाये घरात. दिलेली चीज वापस मांगनं अच्छा नाई लागत, पन त्या देगेबिगर आमच्या घरी शादीचा खाना बनलाच नाई कधी." वरून बाईंनी ऐकलं असावं, कारण जिन्यातूनच आवाज आला, "वापस काऊन? माहेरी न्या! लगन असलं तं लेक घरी पायजेच ना!"

रहीमभाईंनी लगेच दोन हमाल आणि हातगाडी पाठवली. बाईंनी हमालांना पाणी पाजलं आणि रिकामी गाडी परत पाठवली. लेकीला न्यायला हमाल पाठवतात का? घरचं माणूस लागतं. आमच्याकडे सासरहून लेकीला आणायला जो भाऊ किंवा भाचा जातो त्याला मुराळी म्हणतात. तेव्हा मुराळी आला पाहिजे, असा बाईंचा निरोप गेला. दुसऱ्या दिवशी रहीमभाईंचा मोठा मुलगा अत्तर लावून, नवा पठाणी घालून आला आणि देगेला हात लावून उभा राहिला. मग बाईंनी देग जाऊ दिली. लग्न आटोपल्यावर तिला आणायला त्या स्वतः गेल्या. कारण रीत अशी, की न्यायला माहेरचं माणूस येतं आणि परत आणायला सासरचं जातं. दुपारी हातगाडीवर देग, शेजारी छत्री धरून बाई, अशी वरात बाजारपेठेतून आली. देगेत एक नारळ, पसाभर तांदूळ आणि डबाभर जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, होता. लेकीला रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत, हे रहीमभाईंच्या बायकोला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक वस्तू ओटी घेऊनच परत यायला लागली. बाई ती ओटी काढू द्यायच्या नाहीत. घंगाळात गहू, उखळात ज्वारी, पायलीत तूर. याचा परिणाम काय होईल ते एखाद्या उंदरालाही कळलं असतं, आणि कळलंच. उंदरांनी वरचं धान्य खाल्लं आणि तोंडी लावायला माझी पुस्तकं. मी कुरतडलेली कादंबरी घेऊन वर गेले, तर बाईंनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "शेवटचीच पानं खाल्ली. चांगली नसतीन." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग त्यांनीच एक मांजर आणून माझ्या टेबलाखाली सोडलं.

मांडणीतही बाईंचा हट्ट होता. वस्तू माहेरी गेली की तिची जागा रिकामी राहायची. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही, फोटोही लावायचा नाही. पोळ्याला तर ओसरी अर्धी रिकामी व्हायची. झुली, घुंगरमाळा, गोंडे सगळे आपापल्या घरी बैलांच्या अंगावर. नेमके एका पोळ्याला वरून साहेब आले, संग्रहालयाला अनुदान द्यायचं की नाही ते पाहायला. सोबत फोटो काढणारा. मी बाईंना आधीच म्हणाले होते, या वेळी झुली देऊ नका. पण पुंजाजी भल्या सकाळी फेटा बांधून मुराळी होऊन दारात उभे, त्यांना नाही कोण म्हणणार?

साहेब रिकाम्या भिंती पाहत राहिले. बाई मात्र छत्रीच्या टोकानं एकेक जागा दाखवत होत्या. "ही पुंजाजीच्या घरची झूल. लाल. आरशाचं काम हाये. त्यायच्या आजीनं भरली." साहेब म्हणाले, "पण कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "पोळ्यात. चला." आणि खरंच त्यांना पायऱ्या उतरवून, चिखलातून, तोरणाखाली उभ्या असलेल्या बैलांपर्यंत घेऊन गेल्या. एकेका बैलापाशी थांबून झूल कुणाची, गोंडा कुणी विणला ते सांगितलं. फोटो काढणारा खूश झाला. साहेबांचे बूट मात्र चिखलानं गेले. जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि चांगला केला, पण अनुदान काही आलं नाही. ओसरीचं एक टिन अजून गळतं.

कुणी म्हणेल, मग यात संग्रहालय ते काय? मीही म्हटलं होतं. पण गावातल्या बायका एरवी कधी वाचनालयाची पायरी चढल्या नाहीत, त्या बाईंकडे वर जायला लागल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपलं उखळ कसं आहे ते पाहायला यायच्या. शेजारच्या घरच्या घंगाळापेक्षा आपलं कमी घासलेलं दिसलं की चिंच मागायच्या आणि तिथेच घासायला बसायच्या. एकदा वेगळे राहणारे दोन भाऊ एकाच दिवशी एकाच जात्याला न्यायला आले. दोघांच्या घरी हळद. दोघंही मुराळी, दोघंही तापलेले, आणि जातं मध्ये. बाई म्हणाल्या, "लेकीले दोन भाऊ असले तं ती काय करते? मोठ्याच्या घरी जेवते आन लहान्याच्या घरी झोपते." सकाळी मोठ्याकडे, संध्याकाळी धाकट्याकडे असं जातं गेलं. एका घरून दुसऱ्या घरी ते उचलून नेताना दोघा भावांना मिळूनच न्यावं लागलं, कारण जातं एकट्याला उचलण्यासारखं नव्हतं. बाईंना हे आधीच माहीत होतं की नाही, देव जाणे.

सगळ्यांचे मुराळी यायचे, पण एका पाळण्याचा यायचा नाही. तो वडनेरच्या एका घरचा होता. घरातली माणसं सुरतेला गेली आणि तिकडचीच झाली. आखाजीच्या दिवशी बाई तो पाळणा पुसायच्या, कड्यांना तेल द्यायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस खातात. त्या दिवशी बाईंच्या वाटेला जायचं नाही हे मी अनुभवानं शिकले होते. चहा पाठवला तरी गार करून परत पाठवायच्या. एका आखाजीला मी न राहवून म्हटलं, "बाई, सुरतेहून कोण येणार या पाळण्याला? कशाला वाट बघता?"

"मी काऊन वाट पाहू? पाळना पाह्यते," बाई म्हणाल्या. आणि मग, कड्यांना तेल देता देता, त्यांनी आपल्या माहेरचं सांगितलं.

वडील गेल्यावर त्यांचा भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आला होता. बहिणींनी वावरातला वाटा सोडून सही करायची, हे आमच्याकडे घरोघरचं आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, निदान भावांना तरी. बाईंनाही वाटा नको होता. "मी फक्त इतकंच म्हनलं, ठेवून जाय, वाचून सही करीन. साऱ्या जल्मभर पोरांले हेच शिकवलं ना, वाचल्याबिगर सही करू नाई. आन तो उठला. म्हने, ताई, तुले माह्यावर भरोसा नाई. कागद उचलला आन गेला. चहा टाकला होता मी. उकळून उकळून काळा झाला."

त्यानंतर डोणगावहून मुराळी आला नाही. नंतर बाईंनी निरोप पाठवला, सही करते म्हणून. त्याचंही उत्तर आलं नाही. मी म्हटलं, मग तुम्हीच जाऊन यायचं. एस.टी. तर रोज जाते. खामगावला गाडी बदलली की झालं.

"न बलावता गेली तं लोक काय म्हनतीन? वाटा मांगाले आली म्हनतीन. आन वहिनीनं पाट मांडला तं तो धाकानं मांडन." पाळण्याची कडी त्यांनी हलवून पाहिली. ती कुरकुरली नाही. "माहेरी न्यायले कोनी आलं तंच ते माहेर. नाई तं ते एक गाव हाये."

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत बाळ जन्मलं. बाईंनी तो पाळणा त्यांच्याकडे पाठवला. माहेर नाही तर शेजार आहे, म्हणाल्या.

बाईंच्या त्या सगळ्या रीतीभातींचं मला एवढे दिवस हसू यायचं. त्या दिवसापासून येईना. खिळ्याला लटकणाऱ्या त्या पिशवीत चष्मा आणि औषधांबरोबर घडी केलेलं एक पातळ असायचं. कधी कुठे अडकलं तर असावं, असं त्या म्हणायच्या. गावाबाहेर न जाणाऱ्या बाई कुठे अडकणार होत्या ते मी कधी विचारलं नाही.

आणि मग गेल्याच्या गेल्या साली, आखाजीला थोडे दिवस राहिले असताना, एक वयस्क गृहस्थ वाचनालयात आले. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. नाक थेट बाईंचं. "ताई अठीच बसते का?" त्यांनी विचारलं. "डोनगावहून आलो. भाऊ होय मी तिचा."

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. "बाई, डोणगावहून तुमचा भाऊ आलाय." बाई तुरीची पायली पुसत होत्या. पायली त्यांनी हळूच खाली ठेवली. खिडकीच्या तावदानात पाहून केस सारखे केले. मग खिळ्यावरची पिशवी काढली, आतलं पातळ हातानं चाचपून पाहिलं, पिशवी खांद्याला लावली, छत्री घेतली आणि ओसरीचं दार ओढून मला म्हणाल्या, "कुलूप तू लावजो. आन कोनाचा मुराळी आला तं वस्तू देजो." एखादी नवी नवरी निघावी तशा त्या जिना उतरल्या.

खाली भाऊ उभाच होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हातारा झाला रे तू," बाई म्हणाल्या. भावानं हातातलं गाठोडं पुढे केलं. "घे ताई. मायच्या सरगुंड्याच्या काड्या. घर पाडून राह्यलो आम्ही, पोरं नवं बांधतात. माळ्यावर सापडल्या. तू असं जुनं जमा करतं म्हने, तं म्हनलं देऊन येऊ."

तो न्यायला आला नव्हता. द्यायला आला होता.

बाईंच्या खांद्यावरची पिशवी घसरली. त्यांनी ती माझ्या टेबलावर, पेपरांवर ठेवली. मी ती उचलून खुर्चीखाली सरकवली, भावाला दिसू नये म्हणून. बाई मात्र खुर्चीवर बसल्या, भावाला बसवलं आणि गाठोडं मांडीवर घेऊन सोडलं. सरगुंडे आमच्याकडे उन्हाळ्यात करतात. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काडी हलकेच काढून घ्यायची, आणि राहिलेल्या नळ्या वाफवून आमरसात बुडवून खायच्या. त्या काड्या बायकांच्या हातांनी आणि तेलानं काळ्याभोर, गुळगुळीत झाल्या होत्या. बाईंनी त्यांना हाताची मागची बाजू लावली.

मी चहा सांगितला. चहा आल्यावर बाईंनी विचारलं, "वापरते का कोनी?"

"कोन वापरते आता. सुनांले येत नाई."

बाईंनी काड्या पुन्हा कापडात गुंडाळल्या, गाठ मारली आणि गाठोडं भावाच्या हातात दिलं. "मंग मले घेता येत नाई. ज्या वस्तूले घरात काम नाई ते अठी नांदाले येत नाई. कायदाच हाये अठचा. इचार या वंदनाले."

असा कायदा नव्हता. वर निम्म्या वस्तू घरात काम नसलेल्याच होत्या. पण मी चांगली जोरात मान हलवली.

"घर कुठी राह्यलं ताई? पाडलं म्हनलं ना," भाऊ म्हणाला.

"तू कुठी राह्यतं?"

"मांगं गोठ्यात. टिनं टाकून."

"चूल हाये?"

"हाये."

"मंग घर हाये. घेऊन जाय. आखाजीले सरगुंडे करा. आखाजी झाली का मी येईन घ्याले." आणि आवाज एकदम शाळेतल्यासारखा करून म्हणाल्या, "वस्तू घ्यायला संग्रहालयातर्फे आम्हालाच जावं लागतं. तशी पद्धत आहे."

भावानं चहा पूर्ण प्यायला. बशीत सांडलेलाही प्यायला. उठला, गाठोडं छातीशी धरलं, फाटकापर्यंत गेला. बाई बसूनच होत्या. तिथून तो वळून म्हणाला, "रस्ता बदलला हाये आता. गाडी गावात येत नाई. फाट्यावर उतरजो." फाटक ओढून घेत म्हणाला, "फाट्यावर उभं राहीन मी."

आखाजी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना खामगावच्या गाडीत बसवलं. दोन दिवसांत येते म्हणाल्या होत्या. चार झाले, आठवडा झाला. बाई आल्या नाहीत. वर ओसरीत काड्यांसाठी त्यांनी पायली आणि उखळ यांच्या मधली जागा आधीच पुसून ठेवली होती. मी रोज वर जाऊन ती पाहून यायचे. फोन करायचा धीर होत नव्हता. तिकडे काही बरंवाईट तर झालं नाही, कुणी काही बोललं तर नाही, असं मनात यायचं.

बाई त्याच वर्षी, दिवाळीनंतर, गेल्या. आजारी अशा फारशा पडल्या नाहीत. भाऊ आला होता, सगळं त्यानंच केलं. पुढच्या आखाजीनंतर त्याचा मला फोन आला, काड्या आणून देऊ का म्हणून. सुनेनं यंदा सरगुंडे चांगले केले, असंही म्हणाला. मी नको म्हटलं. संग्रहालय आता माझ्याकडेच आहे. पायली आणि उखळ यांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि येणारे विचारतात, इथे काय असतं? मी सांगते, एका डोणगावच्या घरच्या काड्या आहेत, त्या तिकडेच असतात.

मला बाई आठवतात त्या डोणगावहून परत आल्या त्या दिवशीच्या. वैशाखातली दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही. मी वाचनालयाला कुलूप लावत होते आणि समोर गाडी थांबली. बाई उतरल्या. उन्हानं रापलेल्या, पदरावर आमरसाचा पिवळा डाग. खांद्याला पिशवी, एका हातात छत्री. दुसरा हात रिकामा.

"बाई, काड्या?" मी विचारलं.

"राह्यल्या तठीच."

"काऊन?"

"सुनेचा हात नाई बसला अजून. काडी काढताना सारं मोडते." बाई छत्री मिटत म्हणाल्या. "पुढच्या आखाजीले जाईन आनाले."

"आणि तेव्हाही नाही बसला तर?"

"तं मंग त्याच्या पुढच्या," बाई म्हणाल्या, आणि कठड्याला हात न लावता जिना चढून वर गेल्या.